ब्रेककाकांची बर्फगाडी

महाराष्ट्र आणि मिशिगन या दोन्ही राज्यांतील तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सन दोन हजार आठच्या जानेवारीत, तीन हिवाळे, सतरा निकष आणि चहाच्या असंख्य कपांनंतर, नोव्हाय गावातल्या एका मराठी माणसाने एक मोटरसायकल विकत घेतली. या घटनेची योग्य ती नोंद अजून कुठेही झालेली नाही, हा इतिहासावर उघड अन्याय आहे. तो दूर करण्याचं काम मी अंगावर घेतलं आहे, कारण त्या काळात मी तिथे हजर होते आणि बहुतेक वेळा हसू दाबण्यासाठी मफलर तोंडात धरून उभी होते.

त्या माणसाला आम्ही ब्रेककाका म्हणायचो. नोव्हाय हे डिट्रॉइटच्या बाजूचं गाव. इथे आपल्याकडचे इंजिनियर राहतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला गाडीचा एकेक अवयव आलेला असतो. कोणी जन्मभर दाराच्या बिजागऱ्या करतो, कोणी वायपर. माझ्या वाट्याला वायरिंग आलं. काकांच्या वाट्याला ब्रेक. ताशी साठ मैलांनी धावणारी गाडी किती फुटांत थांबते, हे मोजण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली, त्यातली पहिली बारा पुण्यात आणि नंतरची बावीस इथे. पण नावामागचं खरं कारण वेगळं होतं. कोणाच्याही घरात एखादी गोष्ट जरा गतीने पुढे चालली आहे असं दिसलं, की काका तिला ब्रेक लावायचे.

आमचं लग्न नवीन होतं तेव्हा आम्हाला डिशवॉशर घ्यायचं होतं. माझ्या नवऱ्याने काकांना सहज म्हणून विचारलं. सहज विचारण्याची सोय काकांकडे नव्हती. त्यांनी त्याच रात्री लॅपटॉप उघडला. पाण्याचा दाब, आवाज, कुकरचं भांडं आडवं बसतं की उभं, हळदीचा डाग जातो की राहतो. आठ महिने आम्ही भांडी हाताने घासली. शेवटी काकांनी निकाल दिला तेव्हा ते मॉडेल बंद झालं होतं. "बघ," काका समाधानाने म्हणाले, "घेतलं असतंत तर आता स्पेअर पार्ट मिळाले नसते."

एका कुटुंबाने मोठ्या विश्वासाने मुलीसाठी आलेली तीन स्थळं त्यांच्याकडे पाठवली. काकांनी तक्ता केला. शिक्षणाला इतके गुण, व्हिसाला इतके, आईच्या स्वभावाला वजा इतके. तक्ता पूर्ण होईपर्यंत दोन मुलांचे साखरपुडे झाले, तिसरा टेक्ससला गेला, आणि मुलगी स्वतःच ओहायोहून एक चौथा घेऊन आली. लग्नात काका पंगतीत माझ्या शेजारी होते. नवऱ्यामुलाकडे बघत म्हणाले, "मुलगा चांगला वाटतोय. पण डेटा नव्हता ना, म्हणून मी त्याला धरलाच नव्हता."

हा तक्ता म्हणजे काकांची उपासना होती. डावीकडे वस्तूंची नावं, वर निकष, प्रत्येक निकषाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे वजन, आणि शेवटी उजवीकडे एक बेरीज, जिच्यावर काकांचा स्वतःचाही विश्वास नसायचा. बेरीज आली की ते एखादा निकष वाढवायचे. "घाईत ब्रेक लावता येतो," ते म्हणायचे, "निर्णय घेता येत नाही." हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की नोव्हायमध्ये निदान चार घरांना त्यामुळे अजून पडदे नव्हते.

अशा माणसाला दोन हजार पाचच्या थंडीत कोणीतरी सांगितलं, की तुम्हीच निवडा.

झालं असं, की त्यांचा शेजारी रॉन त्यांना एका प्रदर्शनाला घेऊन गेला. रॉन निवृत्त, उंच, आणि बोलण्याच्या बाबतीत काटकसरी. उत्तरेला तीन तासांवर त्याची एक झोपडीवजा केबिन होती आणि तो हिवाळाभर बर्फावर गाड्या पळवायचा. त्या प्रदर्शनात काकांनी पहिली बर्फगाडी पाहिली. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चिखलामातीत उड्या मारत पळवायची जी मोटरसायकल असते, ती डर्ट बाइक घ्यायची. तिचं पुढचं चाक काढायचं आणि तिथे एक रुंद पट्टी लावायची, स्की. मागचं चाक काढायचं आणि तिथे रणगाड्याला असतो तसा रबरी पट्टा. हे सामान खोक्यांमधून विकत मिळतं. मोटरसायकल मात्र आपली आपण आणायची. काकांनी विक्रेत्याला विचारलं, "कोणती आणावी?" तो बिचारा तरुण हसून म्हणाला, "दॅट्स अप टू यू, सर."

त्या एका वाक्याने आमचे तीन हिवाळे गेले.

आता काकूंबद्दल. काकूंचं बर्फाशी वैर होतं. थंडीत त्यांच्या बोटांचे सांधे असे सुजायचे की पोळी लाटताना डोळ्यांत पाणी यायचं. बावीस हिवाळ्यांत त्यांनी घर ते गॅरेज आणि गॅरेज ते गाडी यापलीकडे बर्फावर पाऊल टाकलं नव्हतं. त्यांची बहीण अ‍ॅरिझोनात राहायची आणि दर जानेवारीत फोन करून "आम्ही आत्ता अंगणात बसून भेळ खातोय" असं सांगायची, जे माझ्या मते बहिणींमध्येसुद्धा क्रूरपणाचं होतं. काकूंना तिकडे जायचं होतं. काकांचीही ना नव्हती. त्यांची फक्त एक अट होती. मिशिगन सोडायच्या आधी स्वतःच्या बर्फगाडीवरून एकदा बर्फातून जायचं. एकदाच. काकू हो म्हणाल्या. आपण कोणाला हो म्हणतोय याचा त्या बाईने तीस वर्षांच्या संसारानंतरही विचार केला नाही.

पहिल्या हिवाळ्यात काकांनी गाड्या बघायला सुरुवात केली. बघायला म्हणजे आपल्याकडे मुलगी बघायला जातात तसंच. शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, आणि सोबत घरचं कोणीतरी. ते घरचं कोणीतरी मी असायची. "तू चल," ते म्हणायचे. "तू खोटं बोलत नाहीस. फक्त हसतेस."

एका मालकाच्या अंगणात आम्ही उभे होतो ते दृश्य मी विसरणार नाही. उणे दहा तापमान, बर्फात रोवलेली एक पिवळी गाडी, आणि चौकड्यांच्या शर्टातला तिचा धिप्पाड मालक. काकांनी गाडीभोवती पूर्ण प्रदक्षिणा घातली. साखळी ओढली. एकेका स्पोकवर बोट वाजवून आवाज ऐकला. मग विचारलं, "व्हाय आर यू सेलिंग?"

"माय वाइफ," मालक म्हणाला.

काकांनी सहानुभूतीने मान हलवली आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "इंजिनाचा दोष बायकोवर ढकलतोय."

गाडी सुरू होईना. मालकाने दहा किका मारल्या, शिव्या दिल्या, पुन्हा दहा मारल्या. काका म्हणाले, "मे आय?" आणि त्यांनी ते केलं, जे पुण्यात प्रत्येक बापाने प्रत्येक सकाळी आपल्या स्कूटरला केलेलं आहे. गाडी धरून डावीकडे पार आडवी केली. कार्ब्युरेटरमधून पेट्रोलचे चार थेंब बर्फावर पडले. गाडी सरळ केली, एक किक, आणि ती अशी फुरफुरली की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. त्या अमेरिकन माणसाचा जबडा खाली आला. मग तो सावरला आणि त्याने किंमत दोनशे डॉलरने वाढवली, कारण आता ती चालू गाडी होती.

काकांनी फाइल बंद केली. "आय विल थिंक अँड इन्फॉर्म," ते म्हणाले.

मालकाचा चेहरा उतरला. "इन्फॉर्म हू?" त्याने हळूच विचारलं. आम्ही पोलिसांकडे चाललो आहोत असं वाटल्याने त्याने दोनशे डॉलर परत कमी केले. तरीही काकांनी कळवलं नाहीच.

विचार करून कळवतो. या तीन शब्दांवर काकांनी मिशिगनमधले निदान तीस लोक टांगून ठेवले होते. आपल्याकडे कळवतो म्हटलं की समोरच्याला समजतं, हे स्थळ गेलं. अमेरिकन माणसाला समजत नाही. तो खरंच वाट बघतो. एक म्हातारा तर सहा आठवडे दर रविवारी काकांना फोन करून विचारायचा, "सो, व्हॉट डिड यू थिंक?" काकू फोन घ्यायच्या आणि मनापासून सांगायच्या, "ही इज स्टिल थिंकिंग. ही इज लाइक दॅट ओन्ली." पुढे पुढे तो म्हातारा काकूंशीच गप्पा मारायला फोन करू लागला.

दुसऱ्या हिवाळ्यात प्रश्न टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक इथपर्यंत आला. टू-स्ट्रोक हलकी, पण खोल बर्फात ओढ कमी. फोर-स्ट्रोकला ताकद भरपूर, पण वजनही भरपूर, आणि थंडीत सकाळी उठायला कुरकुर. काका या विषयावर गणपतीच्या आरतीनंतर बोलायचे, मुलांच्या वाढदिवसाला बोलायचे, आणि एकदा कोणाच्या तरी वडिलांच्या तेराव्याला बोलले. शिवाय जपानी लाल, जपानी निळी, जपानी पिवळी आणि ऑस्ट्रियाची केशरी असे चार रंगांचे चार पंथ होते आणि काका चारही पंथांच्या लोकांशी इंटरनेटवर वाद घालायचे.

एकदा काकूंनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "आज कोणता रंग?"

"रंगाचा प्रश्न नाहीये गं."

"दोन वर्षं लाल का निळी चाललंय. मी पैठणी पाऊण तासात घेते."

"पैठणीला सस्पेन्शन नसतं."

"नेसून बघा, मग कळेल," काकू म्हणाल्या.

त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला त्यांची मुलगी अदिती कॉलेजातून घरी आली होती. इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. जेवणानंतर काका मला लॅपटॉपवर तक्ता दाखवत होते. अदिती मागून आली, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाली, "बाबा, युअर कॉलम्स गो फ्रॉम जी टू आय. व्हेअर्स एच?"

"एच महत्त्वाचा नाही," काका म्हणाले. जरा जास्तच लवकर म्हणाले.

अदितीने माऊस ओढून घेतला, कुठेतरी दाबलं, आणि लपवलेला रकाना सगळ्यांसमोर उघडा पडला. वर लिहिलं होतं, सीटची उंची. खाली सगळ्या गाड्या. सदतीस इंच, साडेसदतीस, अडतीस. काका पाच फूट तीन इंच, आणि त्यातही जाड तळव्यांचे बूट घालून. त्यांच्या पायांची लांबी अठ्ठावीस इंच होती, हे अदितीने तिथल्या तिथे टेप आणून सिद्ध केलं. म्हणजे तक्त्यातली एकही गाडी अशी नव्हती, जिच्यावर बसल्यावर काकांचा पाय जमिनीला लागेल.

"त्या निकषाला वजन शून्य ठेवलंय," काका म्हणाले. "म्हणजे विचारात घेतलाय, पण मोजला नाही."

"दॅट्स नॉट मेथडॉलॉजी, बाबा. दॅट्स डिनायल."

"ह्यासाठी फी भरतो का आपण?" काकांनी काकूंना विचारलं. काकू बडीशेप खात खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

तोवर आम्हा सगळ्यांना एक शंका यायला लागली होती. गाडी घेतली, की एकदा चालवावी लागणार. चालवली, की अ‍ॅरिझोनाला जावं लागणार. काकांना मिशिगन सोडायचंच नसेल तर गाडी न निवडणं हा उत्तम मार्ग होता. मी हे काकूंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुला आत्ता कळलं होय? मला पहिल्या हिवाळ्यात कळलं." आणि शांतपणे हाताला गरम तेल चोळत राहिल्या.

दोन हजार सातच्या शरदात गाड्यांच्या कंपन्यांची हवा बिघडली. पन्नाशीच्या वरच्या लोकांना स्वेच्छानिवृत्तीचं पाकीट देऊन घरी पाठवायला सुरुवात झाली. घ्यायचं की नाही हे कळवायला मुदत होती, आणि काकांनी शेवटच्या दिवशी, ऑफिस बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी, सही केली. त्या संध्याकाळी काकूंनी जेवण वाढताना फक्त एवढं म्हटलं, "हा हिवाळा शेवटचा. बर्फ वितळला की मी निघाले. तुम्ही विचार करून कळवा."

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसातलं टेबल आवरत होते. त्यांच्या खोक्यात ब्रेकचे जुने पॅड आणि एक बंद पडलेलं स्टॉपवॉच, चहाचा मग अजून टेबलावरच. मी थट्टा करायच्या तयारीने गेले होते. ते खोक्याकडे बघत म्हणाले, "चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या थांबवल्या गं. एक स्वतःची पळवायची होती." मी तो मग उचलून त्यांच्या खोक्यात ठेवला आणि निघून आले.

तरी डिसेंबर गेला. जानेवारी आला. काका तक्ता घासत बसले होते. आणि मग मिशिगनमध्ये अधूनमधून होतं तसं झालं. जानेवारीतच चार दिवस ऊन पडलं, पाऊस आला, आणि गटारं वाहायला लागली. मी ऑफिसात होते. फोन वाजला.

"गवत दिसतंय," काका म्हणाले.

"कुठे?"

"अंगणात. गवत दिसतंय. तू लगेच निघ."

मी त्यांना इतक्या घाबरलेल्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं. तासाभरात आम्ही रॉनच्या पिकअपमधून लॅन्सिंगच्या रस्त्याला होतो. तक्त्यात पहिल्या नंबरावर एक निळी फोर-स्ट्रोक होती, तीन वर्षं जुनी, आणि तिचा मालक एक कॉलेजचा पोरगा. काकांनी प्रदक्षिणा घातली नाही. स्पोक वाजवले नाहीत. पोराने विचारलं, "वॉन्ना हिअर इट रन?" काका म्हणाले, "नो टाइम." मी आणि रॉनने एकमेकांकडे बघितलं. कोणीतरी या माणसाला बदलून दुसरा आणून ठेवला आहे, अशी माझी खात्री झाली.

पण नाही, तो तोच होता. गाडी पिकअपमध्ये टाकून परत येताना त्यांनी मला ही निळी पहिली का आली ते समजावून सांगितलं. सगळ्यात जास्त वजन त्यांनी पुढच्या ब्रेकला दिलं होतं. शंभरातले पंचवीस गुण. या निळीचा पुढचा ब्रेक म्हणजे, काकांच्या शब्दांत, कविता होती. त्यांनी निरनिराळ्या गाड्यांचे पुढचे ब्रेक दोन वर्षं अभ्यासले होते, पॅडचे नमुने मागवले होते, आणि डिस्कचा व्यास तीन ठिकाणी पडताळला होता.

पुढच्या आठवड्यात बर्फ पुन्हा पडला आणि सामानाची खोकी आली. रॉनच्या गॅरेजमध्ये आम्ही जमलो. रॉनने गाडी स्टँडवर चढवली, पुढचं चाक काढलं, चाकाबरोबर ती चकाकणारी डिस्क काढली, डिस्कला आवळणारा कॅलिपर काढला, नळी काढली, आणि चाकाच्या जागी ती रुंद स्की बसवली. मग तो हातात पुढचा ब्रेक घेऊन उभा राहिला.

"नाइस ब्रेक," तो म्हणाला. "व्हेअर डू यू वॉन्ट इट?"

स्कीला चाक नसतं. चाक नाही तर पुढचा ब्रेक नाही. हे कळायला इंजिनियर असावं लागत नाही, आणि तिथे आम्ही दोन इंजिनियर होतो. तीन वर्षं मी तो तक्ता बघत होते. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते, आणि यापुढे याबद्दल बोलणार नाही.

काकांनी तो ब्रेक हातात घेतला. उलटसुलट करून बघितला. अंगठ्याने डिस्क पुसली. "कपाटात ठेवतो," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "पंचवीस गुण."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण तो भाग मला सांगायला आवडत नाही. एप्रिलात ते दोघं अ‍ॅरिझोनाला गेले. घर विकायला लागलेला वेळ काकांमुळे नव्हे तर मंदीमुळे लागला, असा त्यांचा दावा होता. तिथून ते फोनवर मला एसीच्या मॉडेलांची तुलना ऐकवायचे. काही वर्षांनी काका झोपेत गेले, कोणालाही न कळवता. गेल्या दिवाळीत मी दुकानात फ्रीजसमोर उभी होते. विक्रेत्याने विचारलं, कोणता देऊ, आणि मी फोन काढून त्यांचा नंबर शोधायला लागले. मग फोन ठेवला आणि त्याला म्हटलं, "आय विल थिंक अँड इन्फॉर्म." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी ओळखली.

पण त्या आधी फेब्रुवारीतला तो शनिवार होता.

रॉनच्या केबिनमागे एक मोठं मोकळं शेत आहे. कमरेइतका बर्फ, वर स्वच्छ निळं आकाश, आणि अशी थंडी की नाकातले केस कडकडतात. काकूही आल्या होत्या. "पाय मोडला तर इन्शुरन्सचं कार्ड कोणत्या पाकिटात आहे ते मलाच माहीत आहे," असं त्यांनी कारण दिलं होतं. त्या केबिनच्या पायरीवर दोन शाली, एक कोट आणि माझी कानटोपी घालून उभ्या राहिल्या, आणि तिथून हलणार नाही असं त्यांनी जाहीर केलं.

रॉनने गाडी धरली. काका एका प्लास्टिकच्या क्रेटवर चढले आणि तिथून सीटवर. हेल्मेटमध्ये त्यांचा चष्मा वाफेने पांढरा झाला होता. दोन्ही पाय हवेत लोंबत होते. काकूंनी मला हळूच विचारलं, "घोड्यावरून पडलेला नवरदेव पाहिलायस कधी?" मी म्हटलं नाही. "मी पण नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या दंडाभोवती घट्ट आवळलेला होता.

गाडी सुटली. वीस फूट गेली आणि बंद पडली. आता आडवी होणार, म्हणून रॉन धावला. पण ती पडली नाही. खोल बर्फात पट्टा रुतला, स्की रुतली, आणि गाडी खुंटीसारखी आपली आपण उभी राहिली. काका वर बसलेले, पाय लोंबत, आणि तरी काहीच होत नाही. ज्या एका रकान्याला ते तीन वर्षं घाबरले होते, त्याला बर्फात काही अर्थच नव्हता.

मग ते किकवर उभे राहिले. पाचवी किक लागली. गाडी गुरगुरली आणि ते निघाले. आधी सरळ, मग शेताच्या कडेने, देवदारांच्या रांगेपाशी वळून पुन्हा आमच्याकडे. वेग असा, की शाळेच्या बसने ओव्हरटेक केला असता. मागे बर्फाचा पांढरा फवारा उडत होता. एक फेरी. दुसरी. तिसरी. कुंपणाजवळ त्यांनी सवयीने उजव्या हाताची बोटं आवळली, तिथे आवळायला ब्रेकच नव्हता, आणि चौतीस वर्षं ब्रेकची नोकरी केलेल्या माणसाला शेवटी बर्फाच्या ढिगाऱ्याने थांबवलं. इंजिन बंद झालं. सगळीकडे एकदम शांत. गाडी आपली उभी, काका तिच्यावर बसलेले, पाठमोरे. हलेनात.

"काय झालं?" काकू म्हणाल्या. "हलत का नाहीत?"

मी काही बोलायच्या आत त्या पायरीवरून उतरल्या होत्या. बावीस हिवाळ्यांत गॅरेजपलीकडे न गेलेली ती बाई कमरेइतक्या बर्फातून, शाली सावरत, एकेक पाय उपसत त्या शेतात चालत गेली. रॉन मदतीला धावला तर तिने हाताने त्याला मागे सारलं. मीही तिच्या पावलांच्या खड्ड्यांतून मागोमाग गेले. आता बोलणी बसणार, आणि ती मला चुकवायची नव्हती.

काकांनी हेल्मेट काढलं होतं. चष्मा हातात. डोळे ओले होते. थंडीने असेल. त्यांना काहीही झालेलं नव्हतं, त्यांना फक्त उतरायचं नव्हतं. काकू धापा टाकत पोहोचल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, डोक्यापासून लोंबणाऱ्या पायांपर्यंत. मग गाडीकडे. पुढून बघितलं, मागे गेल्या, ती अरुंद सीट जिथे संपते तिथे सुजलेला हात ठेवला, आणि त्याच्या मागे काहीच नाही, नुसतं एक प्लास्टिकचं पातं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. तीन हिवाळे, सतरा निकष. काका घाबरून त्यांच्याकडे बघत होते. आणि काकू, रॉनच्या केबिनपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, बोलून गेल्या,

"अहो, पण ह्याच्यावर मी कुठे बसायचं?"